भातावरच्या नूडल्स

माझ्या बहिणीच्या बाळंतपणासाठी आई बपेऱ्याला गेली आणि इकडे बापाला ताप आला. ताप उतरला, पण जाताना तोंडाची चव घेऊन गेला. तुमसरचा डॉक्टर म्हणाला, उद्यापर्यंत पोटात अन्न गेलं नाही तर भरती करा. माझा आजा असाच भरती झाला होता आणि परत आला नव्हता. मी घाबरलो. बापही घाबरला होता, फक्त तो ते शिव्या देऊन दाखवायचा. रोज दुपारी आईचा फोन यायचा आणि बाप मला खूण करायचा, जेवले म्हणून सांग. नाहीतर ती बाळंतिणीला सोडून पळत आली असती.

मला स्वयंपाकातलं एकच येतं, नूडल्स. नागपूरच्या होस्टेलात त्यांच्या जिवावर मी पोरांचा लाडका होतो. सकाळी कांदा-टमाटर परतून केल्या. बाप जन्मभर तलावात मासे धरणारा. त्याने ताटलीत बोट फिरवलं.

"हे गांडुळं गळाले लावाचे असते बे."

मग अंडं फोडून घातलं, वर शेंगदाण्याचा कूट. मोबाइलवरची एक बाई चीज घाला म्हणत होती. आमच्या गावात कुठलं चीज, मी साय घातली. त्या बाईचं वाटोळं होवो. बापाने एक घास घेऊन डोळे मिटले. मला वाटलं, जमलं.

"भात कुठं हाय?"

"नूडल्ससंग भात कोन खाते, बाबा?"

"मंग हे जेवन कायचं?"

आमच्याकडे भाताशिवाय पोटात गेलेलं सगळं चहापाण्यात मोडतं. नागपुरात राहून मी एवढंही विसरलो होतो. निमूटपणे भात लावला आणि नवीन पाकीट फोडलं. ते बघून बाप भिंत धरत शेगडीपाशी आला.

"सरक. मानसाले उपाशी मारून राहिला."

मसाल्याची पुडी त्याने खिडकीबाहेर फेकली. आईच्या डब्यातले सुके झिंगे भाजले, लसूण-मिरची ठेचून घातली, चिंचेचं पाणी ओतलं आणि नूडल्स पार लगदा होईपर्यंत शिजवल्या. मग भाताचा ढीग, त्यात खळगा, खळग्यात तो लाल रस्सा.

चव भयंकर होती. मीठ बहुतेक दोनदा पडलं होतं. पण बाप ओरपून खात होता आणि मला इतका आनंद झाला की मीही दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

तेवढ्यात आईचा फोन आला. "तुहे बाबा जेवले का?" मी तोंड उघडायच्या आत बापाने खरकट्या हाताने फोन ओढून घेतला.

"जेवलो. पोट्ट्यानं रांधलं. बेकार रांधलं. तू आरामानं ये."