बेचाळीस मिनिटांचं प्रास्ताविक

रत्नागिरीजवळच्या आमच्या फार्मसी कॉलेजात मी विद्यार्थी संघटनेचा अध्यक्ष झालो, तेव्हा माझ्याविरुद्ध उभं राहायची कुणाची छाती नव्हती. खरं म्हणजे कुणाला हौसच नव्हती. पण बिनविरोध तो बिनविरोध! हातखंब्याच्या नाक्यावर माझा बॅनर लागला. एवढा मोठा, की गोव्याच्या गाड्या मला आमदार समजून ब्रेक मारायच्या.

वचन मी एकच दिलं होतं: कॉलेजात औषधाची कंपनी आणून दाखवीन. आमच्या आधीच्या सगळ्या बॅचा डिग्री घेऊन मेडिकलच्या काउंटरमागे जाऊन उभ्या राहिल्या होत्या. आम्हाला लॅब हवी होती. पांढरा कोट, गोळ्यांची तपासणी, न्यायला-आणायला कंपनीची बस. मी चिपळूणकडच्या एका कंपनीला मेल पाठवत सुटलो. इतके पाठवले, की शेवटी त्यांनी कळवलं, 'येतो, पण आता थांबा.'

सगळ्यात जास्त गरज होती ती वर्गात पहिली येणाऱ्या मुलीला. वेळणेश्वरची. तिच्या काकाने गावाकडे मेडिकल काढलं होतं आणि घरच्यांनी सांगून ठेवलं होतं: कंपनीत लागलीस तर ठीक, नाहीतर मुकाट्यानं काकाचं दुकान सांभाळ.

कंपनीचे दोन साहेब सकाळी दहाला हजर. गाडीतून उतरताच मोठ्या साहेबांनी विचारलं, "मुलं किती आहेत? एकला निघायचंय आम्हाला."

"अठ्ठावीस, साहेब," मी म्हणालो. "पण आधी दीपप्रज्वलन."

आता पाहुणे आल्यावर सत्कार नको? समई विझते म्हणून पंखे बंद. साहेबांच्या डोक्यावर फेटे, फेट्याखालून घामाच्या दोन वाशिष्ठी नद्या. मग स्वागतगीत, शाल, श्रीफळ, प्राचार्यांचं मनोगत. आणि माझं प्रास्ताविक. औषधशास्त्राचा इतिहास मी अश्विनीकुमारांपासून घेतला. धन्वंतरी समुद्रातून वर येईपर्यंत अर्धा तास गेला. पुढच्या रांगेतून त्या वेळणेश्वरच्या मुलीने चिठ्ठी पाठवली: 'अध्यक्ष, पुरे. मुलाखती?' मी वाचली आणि खिशात टाकली. टाळ्या पडत होत्या ना! बेचाळीस मिनिटं बोललो. मागच्या बाकावरच्यांनी घड्याळ लावून मोजली होती.

मुलाखती सुरू झाल्या तेव्हा बारा वाजून गेले होते. यादी मीच केलेली. पुढारी म्हटला की मन मोठं हवं, म्हणून कच्ची मुलं आधी, हुशार नंतर, आणि मी स्वतः सर्वांत शेवटी. हुशारांना काय, कुठेही मिळेल, असा माझा हिशेब.

अकरा जण झाले आणि साहेब उठले.

मी दारातच आडवा झालो. "साहेब, सतरा राहिलेत. निदान ही एक मुलगी तरी बघा."

"बाळ, कार्यक्रम छान केलास," ते फेटा काढत म्हणाले. "पण पुढच्या कॉलेजात मुलं खोळंबलीत. आम्ही किती वाजता आलो होतो, आठव जरा."

ती फाईल छातीशी धरून बाजूलाच उभी होती. गाडी फाटकाबाहेर गेली.

"नारळ नेला ना त्यांनी?" तिने विचारलं.

"हो."

"मग झालं तर."

त्या अकरातला एकही निवडला गेला नाही. मी पुन्हा मेल टाकले. उत्तर आलं, यापुढे लॅबचा अनुभव असलेलेच उमेदवार घेणार. तो अनुभव लॅबबाहेर कुठे मिळतो, ते काही त्यांनी कळवलं नाही. मी हातखंब्याला एका मेडिकलमध्ये लागलो. घाटातून येणाऱ्यांना उलटीच्या गोळ्या देतो. दिवसाला लाखभर तरी देत असेन. बरं, चाळीस.

परवा सुट्टी काढून वेळणेश्वरला गेलो, तिची माफी मागायला. वाटेत भाषण तयार केलं होतं, सुरुवात, मध्य, सगळं. ती काउंटरमागे औषधांची खोकी उघडत होती. काका आत झोपले होते.

"काय रे मेल्या, इकडे कुठे?"

"जरा बोलायचं होतं."

"थोडक्यात बोल. गिऱ्हाईक उभं आहे."

भाषणातलं एकही वाक्य वर येईना. "माझं चुकलं," एवढंच म्हणालो.

"माहितेय," ती म्हणाली, आणि एका म्हातारबाबांना रक्तदाबाची गोळी सकाळी घ्यायची की रात्री, ते समजावून सांगू लागली. फार छान सांगत होती. दोनदा सांगितलं. मग पुढचं गिऱ्हाईक आलं, त्याच्या पुढचं आलं, आणि मी बाजूला सरकत सरकत रस्त्यावर आलो.