आबांना गप्प केलं तेव्हा

"एक्स्प्रेसिव्ह लँग्वेज डिले," धुळ्याच्या डॉक्टरांनी मान वर न करता सांगितलं. म्हणजे मुलाला समजतं सगळं, पण तोंडातून शब्द बाहेर येत नाहीत. पार्थ तेव्हा अडीच वर्षांचा होता आणि माझ्या मांडीवर बसून त्यांच्या टेबलावरचा स्टेपलर ओढत होता.

त्याआधी कानांची तपासणी झाली होती. तिला बेरा म्हणतात. मुलाला औषध देऊन झोपवतात, डोक्याला वायरी चिकटवतात आणि आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते बघतात. पार्थ काही केल्या झोपेना. दुपारभर आम्ही बाकावर त्याला थोपटत बसलो. कान चांगले निघाले तेव्हा मी बाहेर येऊन रडले. वाटलं, सुटलो एकदाचे.

मग डॉक्टरांनी विचारलं, घरात कोणती भाषा बोलता? मी म्हटलं, आम्ही दोघं मराठी, सासरे अहिराणी. त्यांनी जागच्या जागी निकाल दिला. "मूल गोंधळलंय. ती गावठी भाषा आधी बंद करा. पुढे इंग्रजी शाळेत घालायचंय ना?"

माझा नवरा शिक्षक आहे. त्याला हे ऐकून बरंच वाटलं असणार, कारण आपल्या वडिलांच्या बोलण्याची त्याला आधीपासूनच लाज. चाळीसगावला घरी पोचल्यावर चपला काढायच्या आत त्यानं सांगून टाकलं, "आबा, पार्थशी शुद्ध बोलत जा. जमत नसेल तर बोलू नका."

मी पतसंस्थेत नोकरी करते, त्यामुळे दिवसभर पार्थ आबांजवळ. त्याला जे दोन-चार शब्द येत होते ते त्यांच्याकडूनच आलेले. पानी, आठे म्हणजे इथे, देख. आबांनी बिचाऱ्यांनी शुद्ध बोलून पाहिलं. "पार्थ, आपण भाकरी खाऊ या का?" असं म्हणताना ते कचेरीत साहेबापुढे उभे असल्यासारखे दिसायचे. आठवडाभरात त्यांनी तेही सोडलं. मी संध्याकाळी घरी यायचे तर खाटेच्या एका टोकाला आबा, दुसऱ्या टोकाला पोरगं, आणि समोर टीव्हीवर इंग्रजी बडबडगीतं.

होते ते शब्दही गेले. हवं ते बोटानं दाखवायचं आणि नाही मिळालं की भिंतीवर डोकं आपटायचं. नवरा रोज जेवणानंतर फ्लॅशकार्ड घेऊन बसे. ॲपल, बॉल, कॅट. पार्थ ती कार्डं चावायचा. धुळ्याला दर वेळी तेच ऐकायचं, धीर धरा. धीर धरण्यात पोराचं अख्खं वर्ष गेलं.

शेवटी मी एकटीच त्याला घेऊन जळगावला गेले. तिथे एक स्पीच थेरपिस्ट, म्हणजे बोलायला शिकवणाऱ्या बाई आहेत असं कळलं होतं. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "दिवसभर याच्याशी कोण बोलतं?"

मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "ताई, दोन भाषांमुळे मूल मागे पडत नाही. दिवसभर याच्याशी बोलणारं एक माणूस होतं, तेच तुम्ही गप्प केलंत."

मला संताप आला. डॉक्टरांचा आला, नवऱ्याचा आला, आणि धुळ्याला मुकाट मान डोलावणाऱ्या स्वतःचाही.

पुढच्या वेळी आबांना सोबत नेलं. ते टोपी हातात धरून उभेच राहिले. "बाई, माले शुद्ध बोलता येस नही. मनामुये पोऱ्या मांगे पडना."

"तुमच्याच भाषेत बोला, आबा," बाई म्हणाल्या. "हातानं जे करता ते तोंडानं सांगत जा. मग थांबा. त्याला वेळ द्या."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. स्वतःच्या नातवाशी बोलायला ते सुनेची परवानगी मागत होते.

नवऱ्याला ते पटलं नाही, तरी घरी दुसऱ्याच दिवशी सुरू झालं. "देख, आते मी भाकर मोडस. आते दूधमा टाकस." मग थांबायचं. पार्थ नुसता बघत राहायचा. दिवाळी आली नि गेली. एका सकाळी त्याचा धक्का लागून वाटी उलटली आणि तो ओरडला, "आबा, बठ्ठं सांडनं!" सगळं सांडलं. आयुष्यातलं पहिलं वाक्य. मी फडकं घेऊन दुधात तशीच बसून राहिले.

तुमच्या घरी अशी वेळ आली तर कान जरूर तपासा, थेरपी जरूर घ्या. पण कुणी मोठा माणूस घरातली भाषा बंद करा म्हणाला, तर दुसऱ्या दाराशी जाऊन विचारा. जळगावच्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही. गेलेलं वर्ष मात्र कुणी परत देत नाही.

आता पार्थला पाचवं लागलंय. रविवारी मी स्वयंपाकघरातून ऐकते, आजोबा-नातवाचं भांडण चाललेलं असतं, कुणी कुणाचं ऐकत नाही. फाटकाशी शिकवणीहून परतलेल्या नवऱ्याची मोटारसायकल थांबली की आबा बोलता बोलता मध्येच थांबतात. हल्ली पार्थही थांबतो. तो आत येतो, "हाऊ वॉज युवर डे?" म्हणून विचारतो, आणि दोघंही खाली बघतात.

नवरा लोकांना अजून सांगतो, आमचा पार्थ घरात फारसं बोलत नाही.