मेव्याच्या खोलीतल्या कुलूपकाकू

कुलूपकाकू हे नाव त्यांना मोठ्या शेफनी दिलं, आणि तेही रागाच्या भरात. हॉटेलात मोठी मेजवानी होती, सगळीकडे धांदल उडाली होती, आणि शेफ स्वतः येऊन मॅकाडेमियाच्या दाण्यांचं पाकीट कात्रीनं फोडायला लागले. काकूंनी ते सरळ त्यांच्या हातातून काढून घेतलं.

"आत्ता थंडीतून बाहेर आलंय ते. अंगावरचा गारवा जाऊ दे, मग फोडा. आत्ता फोडलंत तर आत दव धरेल आणि सगळा माल मऊ पडेल."

शेफ म्हणजे नाकावर माशी बसू न देणारा माणूस. ते तणतणत बाहेर आले. "या बाईंच्या खोलीत सगळ्याला कुलूप. दाण्याला कुलूप, डब्याला कुलूप, आणि आता माझ्या तोंडालाही कुलूप." संध्याकाळपर्यंत हे नाव स्वागतकक्षापासून धुलाईघरापर्यंत पोचलं होतं. काकूंना ते आवडलं. आईबापांनी दिलेलं नाव फुकटात मिळालं होतं, हे आपण कमावलेलं आहे, असं त्या ज्याला त्याला सांगायच्या.

त्यांची खोली पेस्ट्री विभागाच्या मागे होती. तिला खिडकी नव्हती, आणि हात पसरले तर दोन्ही भिंतींना टेकतील एवढीच ती रुंद होती. एक शीतकपाट, एक स्टीलचं टेबल, छोटी भट्टी, पाकिटातली हवा शोषून घेणारं मशीन आणि छतापर्यंत गेलेले डबे. हॉटेलात येणारा सगळा सुका मेवा इथूनच पुढे जायचा. बदाम, काजू, अक्रोड वगैरे मंडळी तशी समजूतदार. मॅकाडेमिया मात्र घरातलं लाडावलेलं शेंडेफळ. हा गोल, दुधाळ रंगाचा, बोराएवढा दाणा. त्याच्या अंगात तेल इतकं, की जरा ऊब लागली, जरा उजेड लागला की स्वारी खवट व्हायला निघालीच. शेजारी कांदा ठेवा, कांद्याचा वास उचलेल. मासळी ठेवा, मासळीचा. भाजायचा तर मंद आचेवर, आणि हवा तो रंग येण्याच्या जरा आधीच बाहेर काढायचा, कारण बाहेर आल्यावरही तो आपल्याच उष्णतेत भाजत राहतो. वाटायचा तर गार करून, थांबत थांबत, नाहीतर पूड व्हायच्या ऐवजी त्याचं लोणी होतं. अख्खे दाणे केकच्या माथ्यावर जायचे, अर्धे बिस्किटात, आणि उरलेला चुरा आइस्क्रीमवर. काकूंनी या दाण्याला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. माणसांचे एवढे लाड कोणी करत नाही, असं बाकीचे म्हणायचे, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं.

हे सगळं त्या पोटातून शिकून आल्या नव्हत्या. नवरा गेल्यावर मुलाला पदरात घेऊन त्या या हॉटेलात भांडी घासायला लागल्या. तेव्हाचे म्हातारे पेस्ट्रीमास्तर रोज त्यांना बोलावून दोन दाणे हातावर ठेवायचे आणि विचारायचे, यातला ताजा कुठला? आधी त्यांना काहीच कळायचं नाही. मास्तर चिडायचे नाहीत, दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन दाणे ठेवायचे. पुढे मास्तर निवृत्त झाले आणि जाताना मेव्याची खोली काकूंकडे देऊन गेले. त्या माणसाची आठवण काढल्याशिवाय काकूंनी एकही पाकीट कधी फोडलं नाही. आपलं सगळं आयुष्य कुणीतरी हातावर ठेवलेल्या दोन दाण्यांवर उभं आहे, असं त्यांना मनापासून वाटायचं.

मुलगा मोठा झाला, सून आली, आणि मग नातू. गुबगुबीत म्हणून त्याचं नाव ढब्बू पडलं. काकू कामावरून घरी आल्या की ढब्बू रांगत दारापर्यंत यायचा, आणि त्या त्याला उचलल्याशिवाय चपलाही काढायच्या नाहीत.

ढब्बू उभा राहायला लागला तेव्हा शेजारच्या वाढदिवसात कुणीतरी प्रेमानं त्याला केक भरवला. केकमध्ये अक्रोड होता. पोराचे ओठ सुजले, अंगावर गांध्या उठल्या, श्वास घुसमटायला लागला. इस्पितळात पोचेपर्यंत सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. वाचला. डॉक्टरीणबाईंनी घरात ठेवायला इंजेक्शन दिलं, ते कसं टोचायचं ते शिकवलं, आणि बजावून सांगितलं, "याला कुठलाच मेवा चालणार नाही. खाणं तर सोडाच, कुणाच्या बोटाला लागलेला कणसुद्धा याच्या तोंडात जाता कामा नये."

घरात कोणी त्यांना काम सोडा म्हटलं नाही. काकूंनी स्वतःच आपल्या हातांकडे पाहिलं. दिवसभर मेव्यात बुडालेले हात. दुसऱ्या दिवशी त्या काम सोडायचं सांगायला मोठ्या शेफकडे गेल्या.

शेफनी सगळं ऐकून घेतलं. हा माणूस कुणाचं पूर्ण ऐकतो हेच मुळात नवल. मग म्हणाले, "काकू, इतकी वर्षं तुम्ही काय केलंत? बाहेरचं आत जाऊ दिलं नाहीत. आता आतलं बाहेर जाऊ द्यायचं नाही. उलटं करायचं, एवढंच. दाण्याला जसं बंद ठेवता तसं तुम्हाला ठेवू. आणि तुम्ही गेलात तर माझ्याशी भांडणार कोण?"

त्या दिवसापासून काकूंची सगळी तऱ्हाच बदलली. येताना घरचे कपडे आणि चपला बाहेरच्या कपाटात. आतले कपडे, आतली चप्पल, डोक्याला टोपी. काम संपलं की नखं घासायची, डोक्यावरून आंघोळ करायची, मग घरचे कपडे. दाणा चाखून बघायचा नाही, म्हणजे तोंडातूनही काही घरी जायला नको. चाखायचं काम आलं पैलवानाकडे. पैलवान म्हणजे भांडी घासणारा माणूस, अंगानं काडी, म्हणून नाव पैलवान. काकू वास घ्यायच्या, दाणा मोडून आतला रंग बघायच्या, आणि पैलवान चावून सांगायचा, "गोड आहे," किंवा "काकू, हा जुन्या रंगाच्या डब्यासारखा लागतोय." काही महिन्यांत त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. या व्यवस्थेचा खरा लाभ कुणाला झाला, यावर स्वयंपाकघरात बराच वाद चालायचा.

आणि घरी ढब्बू पुन्हा काकूंच्या मांडीवर खेळायला लागला. सून आधी दुरून बघायची, मग जवळ बसायची, मग पोर सासूकडे देऊन निवांत आपल्या कामाला लागायची. काकूंना वाटलं, आपल्याइतकं नशीबवान कोणी नाही. काम हातात आहे आणि नातूही हातात आहे.

असेच महिने गेले. एका संध्याकाळी काकूंच्या मांडीवर ढब्बू धुमाकूळ घालत होता. कधी नाक पकड, कधी कान ओढ, कधी चष्मा ओढून तोंडात घाल. काकू हसत होत्या. बघता बघता पोराच्या ओठाभोवती लाल गांध्या उठल्या. सुनेनं झडप घालून त्याला उचललं. या वेळी दुखणं तेवढ्यावरच राहिलं. इस्पितळात औषध मिळालं, ढब्बू शांत झोपला, आणि घरच्यांचा जीव भांड्यात पडला. पण कशानं झालं ते काही केल्या कळेना. त्या दिवशी घरात नवं काही आलेलं नव्हतं, आणि काकू तर केसांपासून नखांपर्यंत घासून घरी आल्या होत्या.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. सुनेनं दुसऱ्या दिवशी काकूंना स्वयंपाकघरात गाठलं. तिचे डोळे सुजलेले होते. "आई, माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण मला भीतीपण वाटते, आणि भीती जास्त मोठी आहे. काही दिवस त्याला उचलू नका."

"नाही उचलत," काकू म्हणाल्या. त्यांना राग आला नाही. आईनं जे म्हणायला हवं तेच ती म्हणत होती.

मग काकू खोलीच्या एका कोपऱ्यात बसायच्या आणि ढब्बू दुसऱ्या. तो हात पसरून त्यांच्याकडे यायला निघाला की कुणीतरी त्याला मधेच उचलायचं. तो रडायचा. काकू आतल्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायच्या. हे त्यांना सोसवेना. शेवटी एका रात्री जेवताना त्यांनी सांगून टाकलं, "मी काम सोडते. झालं तेवढं पुष्कळ झालं. दाण्यांनी मला खूप दिलं, आता त्यांचं त्यांनी बघावं."

सून म्हणाली, "सोडायच्या आधी मला एकदा दाखवा. तुम्ही तिथे काय करता, कशा निघता, सगळं. मी रजा काढते."

काम संपायच्या वेळी सून हॉटेलच्या मागच्या बाजूनं आत आली. मोठे शेफ स्वतः तिला मेव्याच्या खोलीशी घेऊन आले. काकूंनी तिला उंबरठ्याबाहेरच उभं केलं. तिनं बघितलं, काकूंनी भाजलेले दाणे गार करून पाकिटात भरले, हवा काढून पाकीट बंद केलं, शीतकपाटात ठेवलं. टेबल पुसलं, पुन्हा पुसलं. टोपी, कपडे धुलाईच्या पिशवीत. नखं घासली. चष्मा काढून न्हाणीच्या बाहेरच्या फळीवर ठेवला आणि आंघोळीला गेल्या. बाहेर आल्या, घरचे कपडे घातले, ओले केस पुसले, फळीवरून चष्मा उचलला आणि नाकावर चढवला.

"आई," सून म्हणाली. "चष्मा."

"काय झालं त्याला?"

"हाच चष्मा तुम्ही दिवसभर लावता?"

सुनेनं कागदी रुमालात धरून चष्मा दिव्याखाली नेला. काड्यांवर दिवसभराच्या तेलकट बोटांचा थर होता, आणि बिजागरीच्या खाचेत पिठूळ, पिवळसर चुरा बसला होता. मॅकाडेमिया निवडताना काकू दर थोड्या वेळानं नाकावरून घसरणारा चष्मा त्याच हातांनी वर सारायच्या. कपडे, चपला, केस, नखं, जीभ, सगळं आठवलं होतं. जे नाकावर होतं तेच राहून गेलं. ढब्बू त्या संध्याकाळी हीच काडी चघळत होता.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," शेफ हळूच म्हणाले, आणि त्यांनी कपाळाला हात लावला. "आम्हीही रोज बघत होतो की."

काकू मटकन स्टुलावर बसल्या. आपल्याच हातानं आपण पोराला काय दिलं, ते त्यांना आता कळलं होतं. रडू आवरेना. सून त्यांच्याजवळ खाली बसली आणि त्यांच्या ओल्या केसांवरून टॉवेल फिरवत राहिली.

तो चष्मा एका डब्यात बंद करून काकूंनी खोलीतच ठेवला आणि हात-तोंड पुन्हा घासून धुतलं. आता तो तिथलाच. त्याच्याशिवाय त्यांना चार हातांपलीकडचं दिसत नसे, म्हणून सुनेचा हात धरून त्या निघाल्या. मागच्या दाराशी आल्या तर पैलवान भांडी टाकून धावत आला, त्यानं दार उघडलं आणि पाठीनं रेटून धरलं.

"काय रे, मी उघडलं असतं की," सून म्हणाली.

"नको ताई. या मुठीला दिवसभर सगळ्यांचे हात लागतात. कुणी बिस्किटं केलेली असतात, कुणी केक. काकू आंघोळ करून निघाल्या की आम्हीच दार उघडतो. मी नसलो तर पेस्ट्रीवाला उघडतो. कुणीच नसलं तर शेफ."

"रोज?"

"रोजच. ढब्बूला पहिल्यांदा इस्पितळात न्यायला लागलं ना, तेव्हापासून." पैलवानाला यात विशेष काय आहे ते कळेना. "सांभाळून हं, पायरी आहे."

सून दाराच्या त्या मुठीकडे बघत राहिली. मग मागे वळून तिनं आतल्या सगळ्यांकडे बघितलं. भट्टीशी उभा असलेला पेस्ट्रीवाला, ओट्याशी कांदा चिरणारी मुलगी, उगाच कुणावर तरी ओरडणारे शेफ. तिला काहीतरी बोलायचं होतं. "तुमचे उपकार आहेत," एवढंच ती पैलवानाला म्हणाली. त्यानं लाजून मान खाली घातली, पण दार सोडलं नाही.

वाटेत काकू मनातल्या मनात एकेकाचे आभार मानत होत्या, मास्तरांपासून सुरुवात करून. घराशी आल्यावर त्या सवयीनं कोपरानं घंटी वाजवायला पुढे झाल्या. सुनेनं त्यांना थांबवलं, किल्लीनं कुलूप काढलं आणि दार पाठीनं रेटून उभी राहिली. त्या संध्याकाळी तिनं पोर काही सासूच्या हातात दिलं नाही. भीती एका दिवसात जात नाही, आणि काकूंनी ते मागितलंही नाही.

नवा चष्मा तयार व्हायला काही दिवस लागले. सून तो परस्पर दुकानातून घेऊन आली, स्वतः साबणानं धुतला, पुसला आणि काकूंच्या नाकावर चढवला. मग आत जाऊन ढब्बूला घेऊन आली आणि त्यांच्या मांडीवर ठेवला.

काकूंनी त्याला इतक्या दिवसांनी इतक्या जवळून बघितलं. दोन नवे सुळे आले होते. त्याला घट्ट धरावं की नाही, हेही त्यांना सुचेना. ढब्बूला मात्र कसलीच शंका नव्हती. त्यानं दोन्ही हातांनी नवा चष्मा ओढून काढला आणि काडी थेट तोंडात घातली.

काकूंचा हात झटक्यात पुढे गेला. सुनेनं तो मधेच धरला आणि आपल्या हातात ठेवून घेतला.

"राहू दे आई," ती म्हणाली. "चावू दे त्याला."