एकाच नंबरच्या तक्रारी

रेल्वे फाटकाला लागून इस्त्रीचं दुकान, दुकानामागे पडदा, पडद्यामागे खोली आणि खोलीत आजारी नवरा. वहिनींचा संसार एवढाच. पण वस्तीला त्या इस्त्रीवाल्या म्हणून कमी आणि फाटकाच्या वहिनी म्हणून जास्त ठाऊक. त्याला कारण ती मालगाडी. पुढच्या यार्डात जागा नसली की ती बया ऐन फाटकावर बूड टेकायची, आणि मग तिला हलवायची कोणाची टाप! दोन्हीकडे माणसं ताटकळत, हॉर्न बोंबलत, आणि गाडी आपली ढिम्म.

वहिनींना हे परवडणारं नव्हतं. नवऱ्याच्या किडन्या गेलेल्या. आठवड्यातून तीनदा पलीकडच्या दवाखान्यात डायलिसिस. तिथली रीत सरळ. वेळेवर आलात तर मशीन तुमचं, नाही तर दुसऱ्याचं. एक खेप हुकली की त्याचे पाय सुजायचे, आडवं झालं की धाप लागायची.

मग कधीतरी फाटकावर पाटी लागली: गाडी रस्ता अडवून उभी असेल तर या नंबरवर कळवा. वहिनींनी त्याच दिवशी कळवलं. गाडी काही हलली नाही, पण तक्रार नोंदवल्याचा मेसेज आला. तेवढ्यानंही त्यांना बरं वाटलं. पुढे सवयच लागली, आणि त्यांच्यामुळे वस्तीलाही. दूधवाला सायकल टेकवून म्हणायचा, "वहिनी, सकाळी पुन्हा उभी होती, टाका की." गुरुजी शर्ट न्यायला आले की आपण कसे खोळंबलो ते सविस्तर ऐकवायचे. वहिनी एका हाताने इस्त्री फिरवत दुसऱ्या हाताने सगळ्यांच्या तक्रारी पाठवायच्या. नाही म्हणायचा स्वभाव नव्हता, आणि खरं सांगायचं तर थोडा मानही वाटायचा. त्या नादात एकदोन कॉलरी करपल्या, गिऱ्हाइकांची बोलणी खाल्ली. तरी पाठवत राहिल्या.

शेवटी वैतागून त्या कचेरीतच जाऊन धडकल्या. तिथला कारकून माणूस बरा होता. त्याने कॉम्प्युटर त्यांच्याकडे वळवला. "बाई, तुमच्या फाटकाची तक्रार एकच आहे."

"एकच? अहो, वर्षभर पाठवतेय मी!"

"पाठवताय खऱ्या, पण नंबर एकच ना? आमच्याकडे माणसं मोजतात, मेसेज नाही. एका नंबरवरून कितीही आल्या तरी धरायची एकच. इथं बघितलं तर त्या फाटकाचा त्रास फक्त तुम्हाला आहे."

आता बोला! अख्ख्या वस्तीचं दुखणं त्यांनी इतके दिवस आपल्या एका फोनात कोंबलं होतं. नवऱ्याला त्यांनी काही सांगितलं नाही. त्याच्या जिवाला आणखी घोर कशाला? मात्र दारोदार फिरल्या. "आपापल्या फोनवरून करा हो, हात जोडते." दूधवाला म्हणाला, "करतो की!" गुरुजी म्हणाले, "अवश्य." किराणावाल्याने तर त्यांच्यादेखत नंबर फोनमध्ये भरून घेतला.

पुढच्याच आठवड्यात एक खेप गाडीपायी हुकली. दुसऱ्या खेपेला रिक्षा फाटकाशी आली तर गाडी पुन्हा उभी. नवऱ्याचा चेहरा सुजलेला, दोन शब्द बोलला तरी दम लागत होता. वहिनी खाली उतरल्या. बघतात तर जो तो फोनमध्ये डोकं घालून बसलेला. त्यांचा जीव भांड्यात पडला. त्या गुरुजींपाशी गेल्या.

"पाठवली ना तक्रार?"

"मी? छे हो, मी शाळेत कळवतोय, उशीर होईल म्हणून," गुरुजी म्हणाले. "म्हटलं, वहिनी आहेत, त्यांनी केलीच असेल."

दूधवाल्याने नुसतीच मान हलवली. त्याचंही तेच.

"केलीच असेल!" वहिनी एवढ्या मोठ्याने ओरडल्या की हॉर्न वाजवणाराही थांबला. "मी करते म्हणूनच तर तुम्ही करत नाही! उद्या मी मेले तर कोणाच्या नावाने हाक मारणार आहात?"

वहिनींना ओरडायचाही कंटाळा आला. त्या रिक्षाकडे परतल्या, तर नवरा सुजल्या बोटांनी फोनवर काहीतरी टिपत होता.

"काय करताय?"

"तक्रार." तो दम घ्यायला थांबला. "कारकुनाचं तू शेजारणीला सांगत होतीस ना... पडदाच तर आहे मध्ये. मला का नाही म्हणालीस, अगं?"

वहिनींनी साऱ्या वस्तीचे उंबरे झिजवले, आणि घरच्या माणसाला विचारायचं राहून गेलं. त्याचा हिशोब त्यांनी आजारी म्हणून केला, माणूस म्हणून केलाच नाही. या फाटकाने ज्याचा जीव सगळ्यात जास्त खाल्ला, त्याची तक्रार कचेरीत कधी पोचलीच नव्हती. वहिनी तिथेच, सगळ्यांदेखत, पदर तोंडाला लावून रडल्या.

"मशीन गेलं असेल ना आपलं?" त्याने विचारलं.

खोटं बोलायचं त्यांच्या जिवावर आलं. "गेलं असेल हो."

"तरी जाऊन बसू," तो म्हणाला. "आपल्यानंतरचा कोणी फाटकाच्या अलीकडेच अडकला असेल, तर त्याचं मशीन रिकामं असेल."

असंच होऊ दे, कोणीतरी अडकलेला असू दे, असं वहिनी मनातल्या मनात म्हणाल्या, आणि म्हटल्याची त्यांना फार लाज वाटली.