खडूने रंगवलेले बूट

दुकानाच्या काचेआड मुद्दाम मळके केलेले, जाडजूड पांढरे बूट मांडले होते. "आत्या, तुमच्या ऐंशीच्या दशकातली फॅशन परत आलीय," भाची म्हणाली, आणि माझे कान उगाचच गरम झाले.

तेव्हा मी कॉलेजात होते. भडक, ढगळ कपडे आणि असले बूट घालून बेभान नाचणारी परदेशी मुलं व्हिडिओ कॅसेटवर पाहिली होती. गॅदरिंगला तसंच नाचायचं, असं मी आणि माझी मैत्रीण मीना, आम्ही ठरवलं. पण आमच्या गावात तसे बूट कुठले मिळायला? मी भावाचे जुने कॅनव्हासचे बूट ओला खडू फासून पांढरे केले आणि नेलपॉलिशने त्यांवर लाल पट्टे ओढले. आरशात तर अगदी खरे वाटले.

स्टेजवर पहिली उडी मारली आणि बुटांतून पांढरा धुरळा उठला. दुसऱ्या उडीला पुढच्या रांगेतले सर खोकायला लागले. "अगं, पीठ चाळतेस का?" मागून कुणीतरी ओरडलं आणि सगळा हॉल हसला. मी विंगेत पळाले. मीना एकटीच शेवटपर्यंत नाचली.

ती आली तेव्हा मी तोंड लपवून रडत होते. ती रागावली नाही. शेजारी टेकली आणि म्हणाली, "एवढी नाचले मी, पण सगळे तू गेलीस तिकडेच बघत होते."

लाजेला स्वतःखेरीज कुणी दिसत नाही. मीनाच्या आवाजातला हेवा मला तेव्हा ऐकूच आला नाही. मी आणखीच रडले.