संत्र्याचा खरा रंग

अकोल्याचा एक स्टुडिओ बंद होत होता आणि तिथला कॅमेरा विकायला निघाला होता. मी अमरावतीत शिकवणीवर्गात गणित शिकवते. एका रविवारी बडनेऱ्याहून गाडी धरली आणि संध्याकाळी तो जड काळा कॅमेरा गळ्यात अडकवून परत आले. स्टुडिओवाले काका म्हातारे, कमी बोलणारे. त्यांनी फोकस दाखवला, शटर दाखवलं आणि निघताना म्हणाले, "बाई, पयले सहा महिने रंगाच्या नादी लागू नका. जे हाय ते काढा."

मी मान हलवली आणि स्टेशनवर पोचेपर्यंत ते विसरले. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी माझी गत होती.

पण मी भराभर शिकले, हे सांगायला मला लाज वाटत नाही. महिन्याभरात कॅमेऱ्याचा ऑटो मोड सोडला. दोन महिन्यांत फोटोतला उजेड आणि रंग कॉम्प्युटरवर हवा तसा बदलायला लागले. पहिला प्रयोग केला तो बाबांवर. वरूडकडे आमची संत्र्याची बाग आहे, आणि सारा जन्म उन्हात गेल्यामुळे बाबा चांगले काळेभोर आहेत. मी त्यांचा चेहरा झकास उजळला, मोठी प्रिंट काढली आणि कौतुकानं गावी नेली. बाबांनी चष्मा लावला.

"हा कोण हाय?" त्यांनी विचारलं, प्रिंट आईच्या हातात दिली आणि बागेत निघून गेले.

मला राग आला. या घरात कलेची कदर नाही, असं मी आईला सुनावलंसुद्धा.

दिवाळीनंतर बाग तोडणीला आली. हल्ली व्यापारी आधी फोनवर फोटो मागवतो, माल नजरेत भरला तरच बागेपर्यंत येतो. बाबांच्या फोनच्या कॅमेऱ्याची काच तडकलेली, त्यातून सगळं धुक्यातलं दिसायचं. फळ फार तर आठवडाभर झाडावर थांबणार होतं, मग गळायला लागलं असतं. म्हणजे बाबांची वर्षाची मेहनत एका फोटोवर येऊन ठेपली होती.

"बाबा, तुमी ठेवा तो फोन," मी म्हटलं. "मी काढतो नं."

मी ऊन कलेपर्यंत थांबले. तिरपा सोनेरी उजेड झाडांवर आला, तेव्हा चाळीसेक फोटो काढले. रात्रीच्या जेवणाआधी त्यातले चार निवडले आणि रंग असा काही वाढवला की फळं नुसती पेटल्यासारखी केशरी दिसायला लागली. बाबांना न दाखवताच त्यांच्या फोनवरून व्यापाऱ्याला पाठवले. आपण कमाल केली आहे, याबद्दल मला जराही शंका नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाबांच्या फोनवर त्याचा निरोप आला. "भाऊ, माल पार पिकला. साल सुटली असन. माह्या गाडीले चार दिवसाचा रस्ता हाय, नाई जमत."

मी आधी व्यापाऱ्याला मनसोक्त शिव्या घातल्या. मग ते फोटो पुन्हा उघडले. संत्र्याच्या बागेत वाढलेल्या मला हे ठाऊक नव्हतं का? लांब जाणारं फळ हिरवट पिवळं असतानाच तोडतात. आतून गोड, वरून घट्ट. झाडावर पूर्ण केशरी झालेल्या संत्र्याची साल सैल पडते, ते गावच्या बाजारापलीकडे जात नाही. आमचं फळ नेमकं हिरवट पिवळं होतं. ते मी पुसून टाकलं होतं, दिसायला बरं दिसावं म्हणून. इतकी शरम मला त्याआधी कधी वाटली नव्हती.

बाबा ओरडले नाहीत. "काहून केलं माय असं?" एवढंच म्हणाले.

मी अकोल्याला फोन लावला. काकांनी सगळं ऐकून घेतलं. "फळाच्या बाजूले पांढरं काई धरा," ते म्हणाले. "पांढरं पांढरं दिसलं की समजा बाकीचं खरं हाय."

मी सकाळी दहाच्या साध्या उजेडात बाबांना झाडापाशी उभं केलं. त्यांच्या डोक्यावरची पांढरी टोपी तळहातावर ठेवायला लावली आणि तिच्यावर एक फळ. दुसऱ्या फोटोत त्यांचा अंगठा साल दाबतोय आणि साल दबत नाही. तिसऱ्यात आडवं कापलेलं फळ. रंगाला बोट लावलं नाही. या वेळी आधी बाबांना दाखवले. त्यांनी एकेक फोटो नीट पाहिला आणि म्हणाले, "हे धाड."

दुसऱ्या दिवशी व्यापारी आला. एका हातात फोन, दुसऱ्या हातात फळ धरून त्यानं दोन्ही ताडून पाहिलं, चार झाडं फिरला, आठ-दहा फळं दाबली. मी कुंपणापाशी उभी राहून बघत होते. "पयलेच्या फोटोतलं अन् हे एकच झाड हाय काय?" त्यानं विचारलं. बाबांनी माझ्याकडे न बघता "हो" म्हटलं. सौदा तिथल्या तिथे ठरला आणि तोडणीवाले परवा येणार म्हणून सांगून तो गेला.

मी कॅमेरा पिशवीत घालत होते, तेव्हा बाबा जवळ आले. टोपी झटकून डोक्यावर ठेवली आणि झाडाला पाठ लावून ताठ उभे राहिले.

"आता माहा फोटो काढ," म्हणाले. "काळा हाओ, काळाच राहू दे."

मी काढला. कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर त्यांना लगेच दाखवला. त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं.

"हो," ते म्हणाले, "हा मीच हाओ."