विन्याच्या वतीनं ऐकलेली मैफल

इटारसी सोडून गाडी घाटात शिरली तेव्हा मला मागे फिरावंसं वाटलं. नागपुरात तबला शिकवणाऱ्या माणसानं भोपाळला हेवी मेटल ऐकायला जाणं माझ्या शिष्यांनाही पटलं नव्हतं. पण बोलावणं विन्याचं होतं. आमच्या दोघांचे वडील भोपाळात एकाच सरकारी कचेरीत होते. गणपतीत हा गिटारवर आणि मी तबल्यावर. आम्ही नागपूरला परतलो, तो तिथेच राहिला. तीस वर्षं कारखान्यातल्या घणाशेजारी उभं राहून त्याचा उजवा कान गेला होता आणि डावाही चालला होता.

"बँडमधली पोरं इज्जत करतात यार, म्हणून खरं बोलत नाहीत," असं त्यानं लिहिलं होतं. "तू फटकळ आहेस. ये आणि ऐक. माझं चुकत असेल तर गिटार बंद."

रविवारी सकाळी अशोका गार्डनमधल्या त्याच्या घरी पोचलो. पोह्यांवर जीरावन (आंबट-तिखट मसाला) आणि शेजारी गरम जिलबी. एरवी दोन बशा चापल्या असत्या. विन्या समोरच तारा बदलत बसला होता, तरी वहिनींना आवाज खाली आणायची गरज पडली नाही.

"भाऊजी, कसंही होवो, छान झालं म्हणा. फॅक्टरीतून आल्यावर हे फक्त गिटारशीच बोलतात."

त्याच्यादेखत हे ऐकताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुपारी गोविंदपुऱ्यातल्या एका बंद कारखान्याच्या शेडमध्ये गेलो. पत्रे तापलेले, तेलाचा वास आणि काळ्या टी-शर्टातली दीडदोनशे पोरं. विन्या सोडला तर बँडमधले सगळे पंचविशीच्या आतले. ड्रमवाल्या समीरनं आपले ड्रम तिरके मांडले होते. विन्याला त्याचा पाय दिसावा म्हणून. ऐकू येत नसलेली लय विन्या त्या पायाकडे बघून धरायचा.

पहिला ठोका थेट बरगड्यांत बसला. गाणारा घशातून गुरगुरत होता आणि पोरं गोल फिरत एकमेकांवर आदळत होती. एक पडला की चौघं त्याला उचलून उभं करायची.

"अंकल, पीछे आ जाओ, लग जाएगी," एकानं मला बखोटीला धरून भिंतीशी नेलं.

मी कानात बोटं घालायला आलो होतो, पण थोड्याच वेळात मान हलवायला लागलो. विन्या पक्का लयीत होता. चुकीचं काही सापडू नये अशी मी प्रार्थना करत होतो.

शेवटच्या गाण्यात दोन पोरं स्टेजवर चढून नाचू लागली आणि समीरचा पाय झाकला गेला. गाणं संपलं. बँडमधल्या सगळ्यांनी वाद्यांवरून हात उचलले. विन्या वाजवतच राहिला, एकटा.

समीर क्षणभर थबकला. मग त्यानं पुन्हा ठोका धरला, बाकीचेही वाजवू लागले. बराच वेळ त्याला साथ देऊन शेवटी समीर उभा राहिला आणि त्यानं विन्याला दिसतील अशा दोन्ही काठ्या उंच धरल्या. तेव्हा विन्या थांबला. शेड दणाणून गेली.

"पाहिलंस? पोरांनी आज गाणं वाढवलं!" घामानं निथळत तो खाली आला. इतका खूश मी त्याला कधी पाहिला नव्हता.

संध्याकाळी फलाटावर त्यानं विचारलंच, "आता बोल. सीधी बात."

"शेवटी चुकलास," मी पुटपुटलो.

"काय?" त्यानं डावा कान पुढे केला. गाडीची घोषणा सुरू होती.

"गाणं संपलं होतं, विन्या!" मी ओरडलो. "तू एकटाच वाजवत होतास! पोरांनी सांभाळून घेतलं!"

चहावाल्यासकट सगळे वळून पाहू लागले.

"लयीत होतो?"

"होतास!"

"म्हणजे थांबायचं तेवढं कळलं नाही," तो म्हणाला आणि माझी बॅग डब्यात चढवून दिली.

दुसऱ्या दिवशी नागपुरात वहिनींचा फोन आला. गिटार त्यानं समीरकडे पोचवली होती. "एवढंसंच मागितलं होतं तुमच्याकडे," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. खरं सांगितल्याचा मला पस्तावा नाही. पण ते त्याला भर फलाटावर ओरडून सांगावं लागलं, हे काही केल्या डोक्यातून जात नाही.